सामायिक सातबारा आणि आमच्या होमस्टेची नोंदणी

पर्यटन संचालनालयाच्या कागदांच्या यादीत एक साधी ओळ होती: मालकी हक्काचा पुरावा. आमचं घर मालवणपासून थोडं आत, माडापोफळींच्या बागेत. राहतो आम्ही तिघंच: सासूबाई, मिस्टर आणि मी. सातबाऱ्यावर मात्र आजेसासरे आणि त्यांच्या भावांची अख्खी वंशावळ, त्यातली काही माणसं तर केव्हाच गेलेली. कोकणात हे घरोघरी आहे. त्यामुळे होमस्टे काढायचा विचार असेल तर ऑनलाइन अर्ज नंतर उघडा, आधी सातबारा काढून वाचा.

नोंदणी नसली तरी बुकिंगच्या साइटवर खोली टाकता येते, आणि टाकणारे टाकतात. सिंधुदुर्ग 1997 साली पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. तेव्हापासून घरगुती राहण्या-जेवणाची सोय करणारे कितीतरी जण आहेत, सगळ्यांनीच कागद केलेत असं नाही. मला नोंदणी हवी होती ती कर्जासाठी. राज्याच्या 2023 च्या ‘आई’ पर्यटन धोरणात महिलेच्या मालकीच्या पर्यटन व्यवसायाला 15 लाखांपर्यंतच्या कर्जावरचं व्याज ठरावीक मर्यादेत परत मिळतं. पण व्यवसायाची नोंद संचालनालयाकडे हवी.

पहिलं काम वारस नोंदीचं. सासरे जाऊन बरीच वर्षं झाली तरी कुणी केली नव्हती. मृत्यूचा दाखला आणि वारसांची नावं घेऊन तलाठ्याकडे अर्ज केला. फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावरच्या नावबदलाची नोंद, धरला की संबंधितांना नोटीस निघते, हरकतीसाठी पंधरा दिवस, मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. सासूबाई आणि मिस्टरांबरोबर दोन्ही नणंदांची नावं लागली, आणि लागायलाच हवीत. ‘बहिणींची नावं कशाला घालता’ असं सुचवायला आलेल्यांना मी चहा दिला आणि विषय बदलला.

दुसरं काम सहहिस्सेदारांच्या संमतीपत्राचं. कुणी लालबागला, कुणी डोंबिवलीला, एक पुतण्या मस्कतला. पोस्टाने कागद फिरवत बसलो असतो तर अजून फिरतच असता. चतुर्थीला मात्र सगळे घरी येतात, म्हणून मसुदा आधीच 500 रुपयांच्या मुद्रांकावर टाइप करून ठेवला आणि दुसऱ्या दिवशी नोटरीलाच घरी बोलावलं. आरती झाली, मोदक झाले, आणि पडवीत कागद पसरला. चुलत सासऱ्यांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला.

‘गो, सही केलंय तर उद्या घर तुझ्या नावार होतला मा?’

त्यांची भीती खोटी नव्हती. अशा सह्यांवरून भाऊ कोर्टात गेलेले आम्ही पाहिलेत. म्हणून मसुद्यात हाताने ओळ वाढवली, की ही संमती फक्त होमस्टे चालवण्यापुरती आहे, कोणाचाही हिस्सा त्याने कमी होत नाही. त्यांनी आणखी एक अट घातली: देवघर आणि माजघर पाहुण्यांना द्यायचं नाही, आणि चतुर्थीत सगळ्या खोल्या घरच्यांच्या. तीही लिहिली. मग मात्र भराभर सह्या झाल्या. मस्कतवाला आला नव्हता. त्याच्या वडिलांच्या नावावर हिस्सा असल्याने त्याच्यावाचून अडलं नाही.

पुढचे कागद त्यामानाने सरळ. घरपत्रकाचा उतारा, ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला (मासिक सभा होईपर्यंत थांबावं लागतं, तारीख आधी विचारून ठेवा), पोलिसांकडून वर्तणुकीचा दाखला, आधार, पॅन, वीजबिल, खोल्यांचे फोटो. फी सरकारच्या ‘ग्रास’ या ऑनलाइन भरणा प्रणालीवर ई-चलनाने भरली. न्याहारी देणार म्हणून अन्न नोंदणीही केली. 12 लाखांच्या आतल्या उलाढालीला मी केली तेव्हा वर्षाला 100 रुपये होते. एवढ्यासाठी एजंट हजारो मागतात.

पाहणीला अधिकारी आले ते भर पावसात. अग्निशामक सिलिंडर, प्रथमोपचार पेटी, पाहुण्यांची नोंदवही पाहिली. मालक घरात राहतो का, हे मात्र त्यांनी खोदून खोदून विचारलं. रिकामं घर चावी देऊन भाड्याने लावणं वेगळं आणि होमस्टे वेगळा, हे त्यांचं म्हणणं मला पटतं. ते नव्या न्हाणीघरात शिरले तशा सासूबाई मागून ओरडल्या, ‘साहेबांनू, दार ओढून घेव नकात, पावसात फुगता ता!’ साहेब हसले, पण शेऱ्यात ‘दार दुरुस्त करावे’ असं लिहूनच गेले. सुताराने रंधा मारला, फोटो पाठवला, आणि प्रमाणपत्र आलं.

प्रमाणपत्र आलं म्हणजे कटकट संपली असं नाही. प्रत्येक पाहुण्याचं ओळखपत्र घ्यायचंच. परदेशी पाहुणा आला तर 24 तासांच्या आत त्याची माहिती सरकारला ऑनलाइन फॉर्म भरून (पूर्वीचा सी फॉर्म) कळवावी लागते, आणि त्यासाठीचं खातं आधी मंजूर करून घ्यावं लागतं. ते पाहुणा दारात उभा असताना होत नाही, म्हणून मी रिकाम्या दिवसांत करून ठेवलं. जीएसटीची नोंदणी मी केलेली नाही, कारण आमची उलाढाल 20 लाखांच्या जवळपासही नाही. साइटवरून आलेल्या बुकिंगवरचा कर साइट भरते.

कर्जाचं अजून चाललंय. सामायिक जमीन तारण घ्यायला बँक तयार नाही, त्यामुळे आता बिनतारण मुद्रा कर्जाची फाईल केली आहे. मॅनेजरनी पुन्हा सातबारा मागितला. तो मी पर्समध्येच ठेवते.