रतनगड ते हरिश्चंद्रगड : चालण्याआधीची चौकशी

रतनगड–कात्राबाई–हरिश्चंद्रगड हा रेंज ट्रेक, म्हणजे डोंगररांगेने एका गडावरून दुसऱ्या गडावर जाणारी काही दिवसांची चाल, मनात असेल तर सॅक भरण्याआधी फोन हातात घ्या. नोव्हेंबरच्या उत्तरार्धात आम्ही रतनगडाच्या पायथ्याच्या रतनवाडीतून चढलो आणि खिरेश्वरला उतरलो. वाट कशी होती ते सांगतोच, पण त्याहून जास्त सांगायचंय ते निघण्यापूर्वीच्या चौकशीबद्दल. "वाट चालू आहे ना?" या मोघम प्रश्नाला गावातून एकच उत्तर येतं : "हो, या की." सांगणारा खोटं बोलत नसतो. गवताचा भारा डोक्यावर घेऊन अंधारातसुद्धा तो त्या वाटेने उतरतो. त्याच्या लेखी ती बंद कधी नसतेच.

आमचा फोन साधारण असा झाला.

"मामा, रतनवाडीपर्यंत रस्ता कसाय?"

"एकदम मस्त."

"आमची छोटी गाडी येईल ना?"

"नाय ओ, ती कशी येईल? कोलटेंभ्याच्या अलीकडं मोरी उकरलीय. जीप जाती कडंकडंनं."

दुसरा प्रश्न विचारला नसता तर पहिल्या उत्तरावर आम्ही खूश झालो असतो. म्हणून प्रश्न विचारताना गाडी कोणती, माणसं किती, पोचणार किती वाजता हे आधी सांगायचं. रस्त्याची खबर जीपवाल्यांकडे सगळ्यात ताजी असते, कारण त्यांचं रोजचं पोट त्यावर आहे. राजूर किंवा शेंडीच्या जीपवाल्याशी दोन मिनिटं बोलणं हे नकाशावरची निळी रेघ तासभर बघण्यापेक्षा कामाचं.

भंडारदऱ्याच्या जलाशयाला दोन्ही बाजूंनी रस्ता आहे, हे मुंबई-पुण्याहून जाणाऱ्या पुष्कळांना ठाऊक नसतं. शेंडीहून मुतखेल, कोलटेंभे करत रतनवाडी ही जवळची बाजू. दुसरी मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद अशी पाण्याला लांबलचक वळसा घालून रतनवाडीत येते. आम्ही मोरीच्या बातमीमुळे घाटघरकडून गेलो. वेळ बराच जास्त लागला, पण घाटघरला कोकणकड्याच्या टोकाशी चहा झाला, त्यामुळे कुणी कुरकुरलं नाही. पाणी भरपूर असताना शेंडीहून रतनवाडीला लाँचही मिळू शकते. तिचं वेळापत्रक माणसं जमण्यावर ठरतं, तेव्हा तिच्या भरवशावर पुढचा बेत आखू नका. मेच्या अखेरीस आणि जूनमध्ये काजव्यांच्या दिवसांत या रस्त्यांवर रात्री गाड्यांची झुंबड उडते आणि वाहनांवर निर्बंधही येतात. त्या दिवसांत जाणार असाल तर वनखात्याच्या चौकीला आधी विचाराच.

आता हवामान. रतनगडाचा हा अकोले तालुका अहिल्यानगर (जुन्या अहमदनगर) जिल्ह्यात आहे, आणि इथेच लोक फसतात. जिल्ह्याचा मोठा भाग पर्जन्यछायेतला, कोरडा. घाटघर मात्र नगर जिल्ह्याची चेरापुंजी म्हणून ओळखलं जातं. जिल्ह्याच्या अंदाजात 'तुरळक सरी' असं वाचून निर्धास्त झालात तर रतनगडाच्या शिडीवर तुरळक म्हणजे काय ते कळेल. हवामान खातं नाशिक आणि पुण्याच्या घाटमाथ्याचा अंदाज वेगळा देतं. ही डोंगररांग त्या दोहोंच्या मध्ये आहे, म्हणून ते दोन्ही बघायचे. आम्ही आदल्या आठवड्यात किती पडला तेही विचारून घेतलं. पुढे काय पडणार यापेक्षा मागे काय पडलं यावर ओढ्यांचं पाणी आणि कातळावरचं शेवाळ ठरतं.

रतनवाडीत अमृतेश्वराचं दर्शन घेऊन निघालो. इथे दोन शब्द जास्त लिहिण्याचा मोह होतोय, पण त्या देवळाच्या कोरीवकामाला वेगळा सकाळचा वेळ द्यावा. सॅक पाठीला लावून घाईघाईत बघायची ती गोष्ट नव्हे. वाट प्रवरेच्या पात्रातून, मग दाट झाडीतून चढते. वरच्या टप्प्यात फाटा आहे : एक वाट रतनगडाच्या शिड्यांकडे, दुसरी कात्राबाईच्या खिंडीकडे. गडावर मुक्काम करणार असाल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा या फाट्यापर्यंत उतरायचं आहे, तेव्हा चढतानाच तो नीट बघून, फोटो काढून ठेवा. सकाळच्या धुक्यात तो वेगळाच दिसतो.

शिड्यांबद्दल फोनवर विचारायचा प्रश्न 'शिड्या आहेत का' हा नाही. त्या आहेतच. कुठली पायरी तुटलीय, कुठली हलते, शनिवारी संध्याकाळी खाली किती रांग लागते, हे विचारा. आम्ही मुद्दाम मधल्या वारी गेलो, शिडीवर आमच्याखेरीज कुणी नव्हतं. वर गणेश दरवाज्यानंतरची गुहा मुक्कामाला बरी, मात्र माकडांपासून खाऊ जपायला हवा. टाकी पुष्कळ आहेत, सगळ्यांतलं पाणी पिण्याचं नाही. नोव्हेंबरात चिंता नव्हती, पण मार्चनंतर जाणाऱ्यांनी गावात नेमकं विचारावं : "तुम्ही स्वतः शेवटचं कधी, कुठल्या टाक्यातलं प्यायलात?" गडाच्या माथ्यावर कातळाला आरपार भोक आहे, त्या नेढ्यात बसलं की वारा माणसाला बोलू देत नाही. समोर अलंग-मदन-कुलंग, कळसूबाई, आणि दुसरीकडे पुढच्या दोन्ही टप्प्यांची रांग ओळीने दिसते. चालायची वाट डोळ्यांनी तपासून घ्यायला याहून चांगली जागा नाही. जळालेले उतार, कापलेलं गवत, खालच्या वाड्यांतला धूर सगळं कळतं.

रतनगड ते कात्राबाईच्या पलीकडचं कुमशेत गाव हा सगळ्या ट्रेकचा कळीचा भाग, आणि वाटाड्या घ्यायचा तर इथेच. झाडीत ढोरवाटा इतक्या फुटतात की मळलेली वाट कुठली आणि गुरांची कुठली हे पावलागणिक ठरवावं लागतं. मोबाइलमध्ये उतरवून घेतलेला ट्रॅक (आधीच्या कुणी जीपीएसवर नोंदवलेली वाट) कुणी कुठल्या महिन्यात नोंदवलाय ते बघा. एप्रिलमधला ट्रॅक उघड्या पठारावरून सरळ जातो. त्याच जागी नोव्हेंबरात कंबरभर वाळलेलं गवत असतं आणि पायाखालचा धोंडा दिसत नाही. कुसळं मोज्यांत अशी रुततात की संध्याकाळचा निम्मा वेळ ती वेचण्यात जातो. लांब पँट आणि पोटरीवर गेटर्स असले तर सुखाचं. आमच्यासोबत रतनवाडीचा एक दादा होता. गुरं पांगली की हुडकायला त्याला यायला लागतं, म्हणून सगळ्या वाटा पाठ. त्याला पैसे ठरवताना घासाघीस करू नका, कुमशेतहून परत येण्याचा त्याचा दिवसही त्यात धरा.

कात्राबाईच्या खिंडीत देवीचं छोटं ठाणं आहे. इथून पलीकडे आजोबाचा डोंगर अंगावर आल्यासारखा दिसतो आणि हरिश्चंद्रगडाचा पसारा पहिल्यांदा नीट कळतो. उतार मात्र खडा. वरच्या भागात घसारा, म्हणजे सुट्या दगडमातीचा उतार आहे, वाळलेल्या पानांखाली तो आणखीच निसटता होतो. ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांनी काठी घ्यावी.

खाली भाताची कापणी उरकत आली होती, खळ्यांवर झोडणी चालू. ट्रॅक खाचरातून जात असला तरी बांधावरून चाला, आणि माणूस दिसला तर विचारून पुढे जा. त्यानिमित्ताने दोन शब्द होतात आणि पुढची खबर मिळते. कुमशेतला डांबरी रस्ता आहे. कुणाला ट्रेक सोडायचा असेल तर इथूनच राजूरकडे निघायचं. पण एसटीच्या फेऱ्या मोजक्या, म्हणून सुटकेची गाडी कुणाची आणि तिचा नंबर काय हे घरूनच लिहून आणा. दरीत मोबाइलला रेंज येते-जाते.

कुमशेत ते पाचनई हा पेठेच्या वाडीवरून जाणारा टप्पा नकाशात सगळ्यात सोपा दिसतो. मध्ये मुळा नदी आहे. तिचा उगम इथलाच, वर धरण नाही, त्यामुळे विसर्गाची सूचना वगैरे काही येत नाही. रात्री डोंगरात पाऊस झाला तर सकाळी पाणी वाढलेलं असतं, एवढंच. आम्हाला पोटरीपर्यंत लागलं, धोंडे मात्र निसरडे होते. पावसाळ्यात किंवा परतीच्या पावसात आलात तर कुमशेतच्या लोकांना विचारल्याशिवाय पात्रात उतरू नका. पाणी गढूळ आणि मांडीवर असेल तर सरळ जीप सांगून रस्त्याने पाचनई गाठा. ट्रेक 'पूर्ण पायी' झाला नाही म्हणून कुणी पदक काढून घेत नाही.

पाचनईची वाट हरिश्चंद्रगडाची सगळ्यात सोपी, रेलिंग आहे, भरल्या सॅकनिशी अडीच तास धरा. शनिवारी रात्री गेलात तर वर गाव वसलेलं असतं. हा सगळा कळसूबाई–हरिश्चंद्रगड अभयारण्याचा भाग, तेव्हा तंबू, गुहेतला मुक्काम, शेकोटी यांचे सध्याचे नियम वनखात्याच्या चौकीवर विचारून घ्या. गेल्या वर्षी चाललं होतं हे उत्तर चौकीवर चालत नाही. आम्ही छोटा स्टोव्ह नेला होता, चूल पेटवली नाही. केदारेश्वराच्या गुहेतलं पाणी पाहूनच हुडहुडी भरते, तरी उतरणारे उतरतातच. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर (घाटघरचा तो वेगळा) संध्याकाळी गर्दी असली तरी सकाळी सहाला जागा मिळते.

उतरताना तोलार खिंडीची वाट धरली. देवळापासून खिंडीपर्यंत चढउतार बरेच, धुक्यात इथे चुकण्याला भरपूर वाव आहे. धुकं असेल तर सरळ पाचनईला परत उतरणं शहाणपणाचं. खिंडीत वाघाचं शिल्प कोरलेला दगड आहे. तिथून एक बाजू कोथळ्याला जाते, दुसरी खिरेश्वरला. चुकून कोथळ्याला उतरलात तर परत अकोले तालुक्यात, भलत्याच रस्त्याला लागाल.

खिरेश्वर पुणे जिल्ह्यात, जुन्नर तालुक्यात. म्हणजे सुरुवात एका जिल्ह्यात आणि शेवट दुसऱ्यात, त्यामुळे स्वतःची गाडी या ट्रेकला ओझंच. आम्ही जीपने गेलो आणि एसटीने परतलो. खिरेश्वरहून पिंपळगाव जोगा धरणाच्या कडेने पाचेक किलोमीटरवर खुबी फाटा, तिथे कल्याण–आळेफाटा रस्ता लागतो. पुण्याकडचे आळेफाट्याच्या गाडीत बसतात, मुंबईकडचे माळशेज उतरून कल्याणला. पावसाळ्यात माळशेज घाटात दरड पडून वाहतूक थांबते, म्हणून परतीच्या सकाळी, रेंज असेल तिथून, घाट चालू आहे का हा फोन करायचा राहू देऊ नका. महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरचा हेल्पलाइन नंबर सगळ्यांच्या मोबाइलमध्ये आणि एकाच्या तरी खिशातल्या कागदावर असू द्या. घरच्यांना वाटेतली गावं क्रमाने लिहून द्या, वाटाड्याच्या नंबरासकट. आणि खुबी फाट्यावर दुपारी सावली शोधून बसा; एसटी हात केला की थांबते, पण भरलेली असेल तर थांबत नाही, तेव्हा दुसरीचीही तयारी ठेवा.