प्रयोगशाळेच्या कपाटातलं नॅट

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून दे असा शाळेतून फोन आला आणि डोळ्यांसमोर एकदम प्रयोगशाळेच्या कपाटातलं ते लाकडी विमान आलं. १९८३ साली नववीत असताना आम्ही तिघांनी विज्ञान प्रदर्शनासाठी केलेलं नॅट, म्हणजे आपल्या हवाईदलाच्या छोट्या फायटर विमानाचं मॉडेल.

नॅट डोक्यात घातलं ते आमच्या गल्लीतल्या काकांनी. काका एअरफोर्समध्ये फिटर होते, रिटायर होऊन भुसावळला आलेले. संध्याकाळी ओट्यावर बसले की आम्ही पोरं त्यांना चिकटायचो आणि ते एकच सांगायचे, "लहान शे, पन तिखट शे!" इंग्लंडच्या फॉलंड कंपनीच्या पेटर नावाच्या इंजिनिअरने हे विमान काढलं, कारण फायटर विमानं दिवसेंदिवस जड आणि महाग होत चालली होती आणि त्याला हलकं, स्वस्त, पटकन बनवता येईल असं हवं होतं. १९५५ ला ते पहिल्यांदा उडालं. पण तिथल्या हवाईदलाने फायटर म्हणून घेतलंच नाही, फक्त ट्रेनर घेतले, आणि आपण मात्र लायसन्स घेऊन बंगलोरला एचएएलमध्ये, म्हणजे हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या सरकारी कारखान्यात, बनवायला लागलो.

काकांच्या वहीत मापं होती. लांबी ८.७४ मीटर, पंखांची टोकापासून टोकापर्यंत रुंदी ६.७३. हस्तकलेच्या सरांनी स्केल ठरवून दिलं, एका मीटरला ५ सेंटीमीटर, म्हणजे १:२०. लाकूड सावरीचं, माझ्या मामांनी यावलहून आणलेलं, इतकं मऊ की पटाशी जरा जोरात लागली की खड्डा पडायचा. मे महिन्याच्या उन्हात दुपारभर पत्र्याच्या शेडमध्ये बसून कानस मारायची आणि घाम टिपायचा. कॅनोपी, म्हणजे पायलटच्या डोक्यावरचं पारदर्शक झाकण, एक्सरेच्या फिल्मची, गरम पाण्यात धुवून पारदर्शक केलेली.

पंख तयार झाले तेव्हा मला ते फारच बारके वाटले, म्हणून दुसरी जोडी मी कोणाला न सांगता थोडी मोठी कापली आणि तीच चिकटवली. सरांनी पट्टी लावली, ३८ सेंटीमीटर भरले. रागावले नाहीत, फक्त म्हणाले, "हे विमान लहान आहे हेच तर दाखवायचंय ना रे?" मग त्यांनी पुठ्ठ्यावर त्याच स्केलमध्ये सेबर, म्हणजे नॅटशी लढलेलं पाकिस्तानचं फायटर, काढायला लावलं. सेबरचे पंख साडेछपन्न सेंटीमीटर, नॅटचे साडेतेहतीस. दोन्ही शेजारी ठेवल्यावर मला पहिल्यांदा कळलं की आकाशात हे चिलट शोधताना समोरच्या पायलटचं काय होत असेल. त्याच रात्री पंख काढले आणि नवे कापले.

चाकं कुठपर्यंत खाली ठेवायची यावरून काकांनी एक गोष्ट सांगितली, ती मी अजून लोकांना सांगत असतो: नॅटला वेगळा एअरब्रेक नव्हता, चाकं अर्धवट खाली सोडली की त्यांची झाकणंच हवेत ब्रेकचं काम करायची. केवढी काटकसर आणि केवढं डोकं! तोफांबद्दलही ते खरं तेच सांगायचे, ३० मिलिमीटरच्या दोन तोफा होत्या पण ऐन वेळी जाम व्हायच्या. आणि १४ डिसेंबर १९७१ चं श्रीनगर सांगताना त्यांचा आवाज बदलायचा. विमानतळावर बॉम्ब पडत असताना फ्लाइंग ऑफिसर निर्मलजित सिंग सेखों नॅट घेऊन वर गेले, सेबरच्या घोळक्यात एकटे लढले आणि परत आले नाहीत. हवाईदलाला मिळालेलं परमवीर चक्र ते एकच. आमच्या मॉडेलखाली त्यांचं नाव सरांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं.

मागच्या दिवाळीत शाळेत गेलो होतो. शेपटीचं टोक तुटलंय, केशरी रंग विटलाय, सरांचं अक्षर मात्र वाचता येतं. सेखोंची १८ नंबरची स्क्वाड्रन आता तेजस उडवते, तेही हलकं फायटर, आपलं स्वतःचं. घरी येऊन हिशोब केला: १:२० मध्ये तेजस ६६ सेंटीमीटर लांब आणि ४१ रुंद होतं. शाळेच्या ज्युबिलीच्या प्रदर्शनात नववीच्या पोरांना घेऊन ते करायचं आणि त्याच पाटावर नॅटशेजारी ठेवायचं असं मुख्याध्यापकांशी बोलणं झालंय. यावल-चोपड्याकडच्या कोणाकडे वाळलेलं सावरीचं लाकूड असेल तर शाळेत निरोप द्या, मी स्वतः येऊन घेऊन जाईन.