नेपोलियन कुणाच्या टेपनं मोजला?

परळच्या एका रात्रशाळेत मी इतिहास शिकवतो. इमारत दिवसाच्या शाळेची, बाकं दिवसाच्या पोरांच्या मापाची. आमचे विद्यार्थी त्यात गुडघे दुमडून बसतात. घंटा साडेसहाला होते, पण वर्ग भरेस्तोवर सात वाजतात. कुणाची लोकल लेट, कुणाला शेठ सोडत नाही. विद्यार्थ्यांची नावं इथं सांगत नाही. वर्गातही एकमेकांना कामावरूनच हाका मारतात: ग्रिलवाला, टेलर, वॉचमनकाका, चहाच्या टपरीवरचा कटिंग. शिवाय चार घरची धुणीभांडी करून येणाऱ्या मावशी, ज्यांचं गणित दोनदा राहिलंय.

दहावीला आता इतिहासलेखन आणि उपयोजित इतिहास असतो. रात्री पावणेनऊला 'उपयोजित' हा शब्द तोंडातून निघाला की अर्धा वर्ग पेंगायला लागतो. मग मी पुस्तक मिटतो आणि गोष्टी काढतो. सगळ्यात चालणारी गोष्ट पुढं क्यूबात क्रांती करणाऱ्या फिडेल कॅस्ट्रोची. १९४० साली क्यूबातल्या एका शाळेतून त्यानं थेट अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांना पत्र धाडलं, मोडक्यातोडक्या इंग्रजीत. मी दहा डॉलरची हिरवी नोट कधी पाहिली नाही, तेव्हा एक पाठवा. वर आमिष म्हणून, तुम्हाला जहाजांसाठी लोखंड हवं असेल तर आमच्याकडच्या मोठमोठ्या खाणी दाखवतो. नोट काही आली नाही. पत्र मात्र अमेरिकेच्या सरकारी दफ्तरात अजून जपून ठेवलंय. त्यात त्यानं वय १२ लिहिलंय आणि जन्म १९२६ चा, म्हणजे तेव्हा १४ पुरे. इथं वर्ग हमखास खिदळतो, कारण आमच्या हजेरीपटात निम्म्यांची जन्मतारीख १ जून आहे. गावच्या गुरुजींनी टाकली तीच खरी.

तर यंदा स्नेहसंमेलनाला मीच टूम काढली: 'जगातले बंडखोर'. एकेकानं वेष करून यायचं आणि दोन मिनिटं बोलायचं. टक्कल आहे म्हणून वॉचमनकाकांना लेनिन दिला. कटिंगला नेपोलियन. नेपोलियन बंडखोर कसा काय, असं कुणी विचारलं असतं तर माझी पंचाईत होती. पण त्याची टोपी पुठ्ठ्याची सहज होते. आणि कटिंग वर्गात सगळ्यात बुटका. मी भर वर्गात म्हणालोसुद्धा, "नेपोलियन होता ५ फूट २ इंच. तू एकदम फिट!" सगळे हसले. बारा वर्षं मी हे वाक्य असंच फेकत आलोय आणि दर वेळी हशे मिळवलेत.

तालमीच्या संध्याकाळी टोपी तयार होती. टेलरनं तिच्या कडेला सोनेरी लेस लावून आणली होती, कुठल्याशा ब्लाउजातून उरलेली. कटिंगनं टोपीला हातही लावला नाही.

"मी नाही करणार, सर."

"का रे?"

"दिवसभर गिऱ्हाईक छोटू, छोटू करतं. इथं तरी नको."

वर्ग गप्प झाला. मला काही सुचेना. तेवढ्यात मागच्या बाकावरून ग्रिलवाला बोलला. त्याला कटिंगची बाजू वगैरे घ्यायची नव्हती, त्याला खरोखरच प्रश्न पडला होता. "सर, ते ५ फूट २ इंच कुणाच्या टेपनं?"

मी म्हटलं, टेप ती टेप, त्यात कुणाची काय?

"असं कसं? मागच्या महिन्यात शिवडीला पार्टीनं स्वतः माप घेऊन फोनवर दिलं. त्यांच्या टेपचं टोक तुटलेलं, सुरुवातीचा एक इंच गायब. ग्रिल इंचभर मोठं झालं, खिडकीत बसेना. शेठनं माझ्या पगारातून कापले."

टेलर लगेच त्याच्या बाजूनं. त्याच्याकडे जुनी गिऱ्हाइकं अजून वारात कापड सांगतात आणि दुकानदार मीटरनं फाडतो, त्या दोहोंत तीन इंचांहून जास्त फरक. मी जरा वैतागूनच मधली सुट्टी दिली. शिक्षकखोलीत मोबाइल उघडून बसलो, ग्रिलवाल्याला गप्प करायचं म्हणून. समोरचा चहा गार झाला.

५ मे १८२१ ला सेंट हेलेना बेटावर नेपोलियन वारला. शवविच्छेदन करणारा डॉक्टर अँतोमार्की त्याच्याच कॉर्सिका बेटाचा. त्यानं उंची नोंदवली ५ फूट २ इंच ४ रेषा, पण जुन्या फ्रेंच मापात. फ्रेंच फूट साडेबत्तीस सेंटिमीटरचा, इंग्रजी साडेतीसचा. फ्रेंच इंच २.७ सेंटिमीटर, आपला २.५४. आकडा तोच राहिला, टेप बदलली. गंमत म्हणजे मीटर ही फ्रान्सच्याच क्रांतीची देणगी, १७९५ चा कायदा. पण लोकांच्या जिभेवरचे फूट-इंच जाईनात, म्हणून १८१२ मध्ये खुद्द नेपोलियननंच बाजारात जुन्या नावांची मापं पुन्हा चालू दिली होती.

बाकीचं काम लंडनच्या व्यंगचित्रकारांनी केलं. गिलरे नावाच्या चित्रकारानं त्याला भल्यामोठ्या टोपीखाली पाय आपटणारं कार्टं करून टाकलं. त्याचे स्वतःचे शिपाई त्याला 'छोटा कॉर्पोरल' म्हणायचे, ते मायेनं. आणि भोवतीचे रक्षक निवडून घेतलेले उंचेपुरे, वर अस्वलाच्या कातड्याच्या उंच टोप्या. त्यांच्यात मधोमध उभा राहिलेला कुणीही बुटकाच दिसणार.

वर्गात परत गेलो आणि फळ्यावर गणित मांडलं. पाच फुटांचे साठ इंच, वर दोन, म्हणजे ६२. गुणिले २.७०७.

ग्रिलवाल्यानं विचारलं, "त्या चार रेषा म्हणजे आपलं सूत का?"

"तसंच. पण आपल्या इंचात आठ सूत, त्यांच्या इंचात बारा रेषा."

"म्हणजे आठ रेषांची चूक करायला वाव," तो तंद्रीत म्हणाला. हे गणित मला अजून नीट कळलेलं नाही.

वरच्या चार रेषा धरून उत्तर आलं १६८.७ सेंटिमीटर. साधारण साडेपाच फुटांच्या थोडं वर. ग्रिलवाल्यानं कमरेची स्टीलची टेप काढली, दाराशेजारच्या भिंतीला लावली, दोनदा तपासली आणि आडवी रेघ मारली. मग काय, एकेक जण रेघेखाली उभा राहायला लागला. टेलर बरोबर रेघेला टेकला. वॉचमनकाका बोटभर वर. सगळे माझ्याकडे बघायला लागले. गेलो. डोक्यावर पट्टी ठेवून ग्रिलवाल्यानं वाचलं: "सर, दोन इंच कमी." बारा वर्षं ज्याच्या बुटकेपणावर मी हशे घेतले, तो माझ्यापेक्षा दोन इंच उंच निघाला. त्या संध्याकाळचा सगळ्यात मोठा हशा तोच.

कटिंगही हसला. मी त्याला म्हटलं, माझं चुकलं. मग विचारलं, आता करशील नेपोलियन?

"आता कसा करू? आता तर साडेपाच फुटी पाहिजे."

मुद्दा बिनतोड होता. टोपी टेलरच्या डोक्यावर गेली. लेस त्यानंच लावली होती, त्यामुळे तो खूशच झाला.

कटिंगला मी हो चि मिन्ह दिला. हा कोण, म्हणून त्यानं विचारलं. मी सांगितलं, व्हिएतनामचा. १९११ साली सायगावहून एका फ्रेंच जहाजावर स्वयंपाकघरात हरकाम्या म्हणून चढला. भाज्या सोल, भांडी घास, कोळसा उपस. पुढं लंडनला एका बड्या हॉटेलच्या मुदपाकखान्यात राबला. ते हॉटेल आता नाही, पण त्या जागेवरच्या इमारतीला त्याच्या नावाची पाटी आहे. १९४५ मध्ये हनोईच्या चौकात त्यानं देशाचं स्वातंत्र्य जाहीर केलं, आणि भाषणाची सुरुवात केली ती अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यातल्या वाक्यानं. पुढं त्याच अमेरिकेशी लढाई.

"म्हणजे आधी भांडी घासली आणि मग राष्ट्राध्यक्ष झाला."

"हो."

"मधलं सांगा ना, सर."

मी थांबलो. गोष्टी सांगताना मधलं मी नेहमी गाळतो. मग आठवेल तसं सांगितलं: पॅरिसात फोटो रिटच करून पोट भरणं, मॉस्को, चीन, हाँगकाँगचा तुरुंग, सतत बदललेली नावं. मायदेशी पाऊल टाकलं ते १९४१ ला.

"तीस वर्षं घरी नाही?" कटिंगनं बोटांवर काहीतरी मोजलं. त्याचे दोन गणपती टपरीवरच गेलेत. गाव माणगावच्या पुढं, एसटीनं सहा तास.

वॉचमनकाकांना मला टकलापलीकडचंही काही द्यायचं होतं, म्हणून सांगितलं की १९०८ मध्ये टिळकांना मुंबई हायकोर्टात सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा इथल्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला, आणि तिकडे जिनिव्हात बसलेल्या लेनिननं त्याच वर्षी त्यावर लिहिलं. काकांचे वडील आणि आजोबा दोघंही गिरणीत. ते जरा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "सहा दिवसांचा पगार गेला असणार." नंतर तालमीत त्यांनी हेच वाक्य लेनिनच्या तोंडी घातलं. मी काढून टाकलं नाही.

मावशींना मंडेला. विटवॉटर्सरँड विद्यापीठात वकिलीच्या शेवटच्या वर्षाला नापास झालेला माणूस, आणि एलएलबी हातात पडली १९८९ मध्ये, सत्तरी गाठल्यावर, तीही कैदेत असताना टपालानं शिकून. मला वाटलं, मावशींना हुरूप येईल.

"तुरुंगात डबे करावे लागत नसतील त्याला," त्या म्हणाल्या आणि गणिताची वही काढून बसल्या.

दुसऱ्या दिवशी दिवसाच्या शाळेतून चिठ्ठी आली: वर्गाची भिंत रंगवलेली आहे, रेघ पुसून घ्यावी. मी फडकं ओलं करून घासलं. जाईना. ग्रिलवाल्याला विचारलं, खडूनं मारली होतीस ना?

"खडूची पुसते, सर," तो म्हणाला. "म्हणून पत्र्यावर मार्किंग करायच्या सळीनं मारली."