कोल्हापूर–भुईबावडा–मालवण–फोंडा घाट: निघायच्या आधी मागचा टायर मधोमध बघा

मोटरसायकलचा मागचा टायर ३० हजार किलोमीटर चालतो असं कुणी सांगितलं तर त्यावर विश्वास ठेवून पावसात घाट उतरू नका, एवढं सांगायलाच हे लिहायला बसलोय. बाकी मालवण कसं आहे, मासे कुठं खायचे, ते सगळ्यांना माहीत आहे.

माझी होंडा युनिकॉर्न जानेवारी २०२२ ची. रोज फुलेवाडी ते गोकुळ शिरगाव एमआयडीसी आणि परत, वर्षातून दोन-तीन कोकण फेऱ्या. जुलै २०२५ मध्ये निघालो तेव्हा मीटरवर २७,२४० होते आणि मागचा टायर गाडीबरोबर आलेला, पहिलाच. मला शंका होती म्हणून आदल्या दिवशी मेस्त्रीला दाखवला. त्यानं साइड स्टँडवरच्या गाडीजवळ वाकून कडेच्या खाचेत नख घातलं आणि म्हणाला, "लई आहे अजून, पाच हजार आरामात निघतोय." मी पण बघितलं, कडेला खाचा चांगल्या दिसत होत्या. निघालो. मागं धाकटा भाऊ, त्याच्या पाठीवर सॅक, दोन्ही बाजूला बॅगा.

फुलेवाडी, बालिंगा, कळे, असळज, गगनबावडा, साधारण ५५ किलोमीटर. रस्त्याचं काही सांगण्यासारखं नाही, पाऊस होता, चहा घेतला. गगनबावड्यातून खाली उतरायला दोन घाट, करूळ आणि भुईबावडा. आम्ही भुईबावडा घेतला कारण अवजड गाड्या कमी असतील असं वाटलं. अरुंद आहे, झाडी अंगावर येते, आणि त्या दिवशी धुकं असं की पुढचा कठडा दहा-पंधरा पावलांवर आल्यावर दिसायचा.

जे झालं ते नीट सांगतो कारण नेमकं हेच उपयोगाचं आहे. वेग २५ च्या आसपास, दुसरा गिअर. डावं वळण, वरून ओढ्यासारखं पाणी रस्त्यावर आलेलं आणि त्याबरोबर तांबडी माती, रस्त्यावर लालसर चिखलाचा पातळ थर. मी वळणाच्या आधी मागचा ब्रेक हलकाच दाबला. माझ्या गाडीला एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी सोय, फक्त पुढच्या चाकाला आहे, मागं साधा ड्रम. मागचं चाक लॉक झालं आणि गाडीचा मागचा भाग उजवीकडं निघून गेला. मी पाय टाकला, पाय पण घसरला, गाडी डावीकडं आडवी. भाऊ कठड्याच्या बाजूला पडला, गुडघ्याला मार. क्लच लिव्हर वाकला, फुटरेस्ट वाकला. मागून त्या वेळी एखादी जीप आली असती तर काय झालं असतं हे मी त्या रात्री मालवणात झोपेपर्यंत विचार करत होतो आणि अजून पण करतो.

तिथंच रस्त्याच्या कडेला गाडी मेन स्टँडवर घेतली, चाक फिरवून बघितलं आणि मला धक्काच बसला. मधोमध चार बोटं रुंद सपाट पट्टा. खाचा जवळजवळ संपलेल्या. कडेला मात्र नव्यासारख्या. गाडी साइड स्टँडवर असताना बाजूनं बघितलं की आपल्याला कडाच दिसते, आणि आपण कडेवर कधी चालवतच नाही! रोजचा सरळ हायवे, सगळी झीज मध्ये. म्हणून साइड स्टँडवर टायर बघून कुणी काही सांगितलं तर ऐकूच नका. मेन स्टँड, चाक हातानं फिरवायचं, मागून डोळा लावून मधला भाग बघायचा.

टायरच्या कडेवर एक बारीक त्रिकोण किंवा टीडब्ल्यूआय (TWI, झीज दाखवणारी खूण) अशी अक्षरं असतात. तिथून सरळ मधल्या खाचेकडं या, खाचेच्या तळाला रबराचा छोटा उंचवटा असतो. वरचं रबर झिजून त्या उंचवट्याच्या बरोबरीला आलं की टायर संपला. माझा मध्ये बरोबरीला आलेला होता, दोन ठिकाणी. मेस्त्रीला हे माहीत नसेल असं मला वाटत नाही, त्यानं बघितलंच नाही.

आणि सपाट टायरचा दुसरा त्रास असा की ओल्यात घसरतो ते तर आहेच, पण वळणात गाडी आधी वळायला नको म्हणते आणि मग एकदम कलंडते, कारण सपाट पट्ट्याला दोन्ही बाजूला धार तयार झालेली असते आणि कलताना टायर त्या धारेवरून जातो. हे मला गेले चार-पाच महिने जाणवत होतं आणि मी स्टिअरिंगचं बेअरिंग गेलं असं समजून ते घट्ट करून घेतलं होतं, दोनदा. वळणात गाडी अशी वागायला लागली तर आधी टायर बघा.

घाट उतरून वैभववाडी, पुढं तळेऱ्याला हायवेला लागलो आणि कणकवलीच्या अलीकडं मागची हवा गेली. झिजलेल्या टायरला हे होणारच, रबर पातळ झालेलं असतं, बारका खिळा पण आरपार जातो. रस्त्याकडेला पंक्चरवाला मिळाला. खिळा एक, मी डोळ्यांनी बघितलेला. त्यानं पाणी लावायच्या आधीच टोच्या, म्हणजे भोक साफ करायचं अणकुचीदार हत्यार, फिरवायला सुरुवात केली आणि पाच मिनिटांत म्हणाला चार होल आहेत. चार! प्रत्येकी २५०. आम्ही भिजलेले, भावाचा गुडघा सुजलेला, मी हजार रुपये दिले. कोल्हापुरात मी ट्यूबलेस पंक्चरला १०० ते १५० देतो. पैशांपेक्षा मला राग याचा आहे की बाकीची तीन भोकं त्यानं पाडली, आणि आधीच पातळ असलेल्या टायरमध्ये भोकं बुजवायच्या चार रबरी पट्ट्या घेऊन मला दुसरा घाट चढायचा होता.

म्हणून पंक्चर झालं की हे करा. टोच्या हातात घ्यायच्या आधी त्याला सांगा, आधी हवा भर आणि साबणाचं पाणी पूर्ण टायरवर मार. चाक हळूहळू पूर्ण फिरवा, बुडबुडे कुठं येतात ते स्वतः मोजा, खडूनं खूण करा, मोबाइलवर फोटो काढा, मग दर ठरवा, मग काम. चाक काढून टपरीच्या मागं न्यायला देऊ नका. व्हॉल्व्हवर पण पाणी टाका, बऱ्याचदा तिथूनच गळत असतं. बाजूच्या भिंतीला भोक असेल तर पट्टी मारून लांब जाऊ नका, तो टायर गेला. आणि सगळ्यात बरं म्हणजे स्वतःचं किट ठेवा, टोच्या, सुई, पट्ट्या, सोल्यूशन आणि पायाचा छोटा पंप. परत आल्यावर मी हे सगळं घेतलं, हजार रुपयांच्या आतच बसलं. स्पोकचं चाक आणि ट्यूबचा टायर असेल तर हे किट चालत नाही, तिथं ट्यूब आणि टायर लिव्हर न्यायला लागतात आणि हातानं काढायची सवय पण.

मालवणात दोन दिवस छान गेले. नवीन टायर तिथंच घ्यायचा विचार केला, पण माझा साइज १००/९०-१८ दोन दुकानांत नव्हता. तिसऱ्या ठिकाणी म्हणाले २०० रुपयात जुन्याच टायरला खाचा पाडून देतो, पावसाळा निघेल. हे कधीच करू नका. मोटरसायकलच्या टायरला तळाशी इतकं रबर नसतंच, खाच पाडली की आतल्या दोऱ्यापर्यंत ब्लेड जातं. वरून टायर नवा दिसतो, आणि विकत घेणाऱ्याला पण फसवता येतं, म्हणून जुनी गाडी घेणाऱ्यांनी खाचांच्या कडा ताज्या कापलेल्या दिसतायत का हे बघायचं.

परतीला फोंडा घाट. ताशी वीसनं चढलो, मागचा ब्रेक वापरलाच नाही, गिअरवर सगळं. दाजीपूर, राधानगरी, भोगावती, घर. मीटर २७,६००.

दुसऱ्या दिवशी कंपनीतला व्हर्निअर घेऊन आलो. मी मशीन शॉपमध्ये आहे, मोजल्याशिवाय झोप येत नाही. व्हर्निअरच्या मागं जी दांडी बाहेर येते ती खाचेत टाकायची, उंचवट्यावर नाही, खोल जागी. मध्ये १.१ मिलिमीटर. कडेला ३.४. नंतर जुन्या टायरच्याच कंपनीचा, त्याच मॉडेलचा नवा टायर बसवला त्याची मधली खाच ६.८ भरली. म्हणजे २७,६०० किलोमीटरमध्ये ५.७ मिलिमीटर गेलं, मिलिमीटरला साधारण ४,८०० किलोमीटर. मी आता मध्ये २ मिलिमीटर उरलं की बदलायचं ठरवलंय, कारण आपल्याकडच्या पावसात खाच असते ती पाणी बाहेर काढायला आणि उंचवटा दिसेपर्यंत थांबलं तर काढायला खाचच राहत नाही. त्या हिशोबानं माझा टायर २३,२०० च्या आसपास बदलायला हवा होता, म्हणजे त्याआधीच्या डिसेंबर-जानेवारीतच. चार हजार किलोमीटर मी जास्त फिरवला आणि त्यातून वाचले किती, फार तर चार-पाचशे रुपये.

हा आकडा माझ्या गाडीचा आहे, तुमचा वेगळा येणार. मऊ रबराचा टायर असेल, गाडी ताकदीची असेल, मागं रोज कोण बसत असेल तर १२-१५ हजारात पण संपतो. पुढचा मागच्यापेक्षा बराच जास्त टिकतो, माझा पुढचा अजून ३ मिलिमीटर आहे, तो ठेवला. दोन्ही एकदम बदला म्हणून दुकानदार मागं लागतात, मोजा आणि मग ठरवा.

मध्येच एवढं का झिजलं याचं अर्धं कारण माझी चूक. पंपावर मुलगा हवा ४० पीएसआय भरायचा आणि मी बोलायचो नाही, कडक टायर म्हणजे मायलेज असं डोक्यात होतं. हवा जास्त झाली की टायर मध्ये फुगतो, टेकतो तो मधलाच भाग. कमी झाली तर उलटं, दोन्ही कडा जातात आणि टायर तापतो. चेनच्या बाजूला स्विंगआर्मवर किंवा मॅन्युअलमध्ये एकट्याचं आणि डबलसीटचं प्रेशर वेगवेगळं दिलेलं असतं, तेच भरा, सकाळी टायर गार असताना. पावसात पकड मिळावी म्हणून हवा कमी करायचा सल्ला मला तिघांनी दिला, तो पण चुकीचा, डांबरी ओल्या रस्त्यावर कमी हवेनं खाचा दबतात आणि पाणी निघत नाही.

आता खरेदी. पहिल्या दुकानात टायर काढून दिला, काळा कुळकुळीत, अंगावर लेबल. कडेवर लंबगोलात चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. तिथं ११२१ लिहिलेलं होतं, म्हणजे २०२१ चा अकरावा आठवडा, मार्च. माझ्या गाडीपेक्षा जुना टायर, सव्वाचार वर्षं पडून, आणि किंमत पूर्ण! विचारल्यावर म्हणाला रबर काय नासतंय होय. नासतं. पडून पडून कडक होतं, मग खाच भरपूर असली तरी ओल्यात धरत नाही. पाच वर्षं झाली की टायर दरवर्षी बारकाईनं बघायचा, भेगा आल्यात का, आणि दहा झाली की खाच कितीही असू दे, काढून टाकायचा. घरात उभी असलेली वडिलांची जुनी गाडी काढून घाटात नेणाऱ्यांनी तर आधी हे चार आकडेच वाचा.

दुसऱ्या दुकानात १४२५ मिळाला. २,४५० टायर, नवा व्हॉल्व्ह आणि बसवणी धरून २,७०० ला काम झालं. तिथं पण रुंद १२० चा टाका, गाडी भारी दिसते, असा आग्रह झाला. रिम तेवढीच असते, रुंद टायर तिच्यावर चिमटला जातो, गोलाई बिघडते, चेनला किंवा मडगार्डला घासतो. कंपनीनं दिलाय तोच साइज घ्या आणि शेवटचा आकडा-अक्षर पण बघा, माझ्या टायरवर ५६पी आहे, ५६ म्हणजे २२४ किलो वजन आणि पी म्हणजे ताशी १५० पर्यंत. यापेक्षा खालचं घेऊ नका. बसवताना कडेवरचा बाण चाक फिरतं त्या दिशेला आहे का हे तिथंच उभं राहून बघा, घरी येऊन नाही.

नवा टायर पहिले दीडशे किलोमीटर गुळगुळीत असतो, जोरात ब्रेक आणि जोरात वळण टाळा. म्हणून घाटाच्या आदल्या संध्याकाळी टायर बदलून पहाटे निघायचं नाही, आठवडाभर आधी बदला. खरं तर मे महिन्यातच, पावसाच्या आधी.

नवा टायर टाकल्यापासून ६४० किलोमीटर झाले. गेल्या रविवारी त्याच भुईबावड्यातून उतरून करूळनं वर आलो, पाऊस तसाच होता, ते डावं वळण आलं, तांबडं पाणी तसंच वाहत होतं आणि गाडी दोरी धरल्यासारखी गेली. मला रडायलाच आलं होतं. भाऊ मागं होता. तो आता बसायच्या आधी गाडी मेन स्टँडवर घेतो, खाली वाकून चाक फिरवतो आणि मगच हेल्मेट घालतो.