पाठ दाखवा

फोनवर त्या ताई एवढंच म्हणाल्या, "सिस्टर, बाबांच्या अंगाला वास येतोय. आंघोळ घातली तरी जात नाही म्हणतात."

मी पुण्यात घरोघरी जाऊन ड्रेसिंग करते. त्याआधी बरीच वर्षं सर्जिकल वॉर्डात काढली आहेत, त्यामुळे पुढचं काही विचारावं लागलं नाही. त्याच दुपारी ताईंना केअर सेंटरच्या गेटवर भेटले.

बाबा एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, वय ८२. अर्धांगवायूच्या झटक्यात उजवी बाजू गेली, बोलणं तुटक झालं. भाऊ कॅनडात. ताई चिंचवडला, नोकरी सांभाळून घरी आजारी सासूबाईंचं करणाऱ्या. दोन्हीकडचं होईना म्हणून बाबांना इथे ठेवलं होतं. महिन्याला तीस हजारांच्या वर, डायपर आणि औषधं वेगळी. भेटायची वेळ रविवारी चार ते सहा. त्याआधी बाबांची दाढी व्हायची, धुतलेला शर्ट, मानेला पावडर, आणि व्हीलचेअरवरून खाली हॉलमध्ये आणून बसवायचे. कॅनडाचा व्हिडिओ कॉलही तिथूनच. घरच्यांना बाबांचा चेहरा नेमाने दिसत होता. वरचा मजला मात्र कुणीच पाहिलेला नव्हता.

मॅनेजर नम्रपणे म्हणाले, "नातेवाईकांना वर सोडत नाही आम्ही. बाकीच्या आजी-आजोबांच्या खासगीपणाचा प्रश्न असतो. छोटीशी जखम आहे, ड्रेसिंग चालू आहे." मी म्हटलं, बाकीच्यांना पडदे लावा, पण मुलीला वडिलांची पाठ बघू द्या. ते ढिम्म. शेवटी ताईंनी फोन काढला आणि म्हणाल्या, "मग मी आत्ताच ॲम्ब्युलन्स बोलावते." तेव्हा जिना मोकळा झाला.

सहा खाटांची खोली. बाबांच्या खाटेवर एअर बेड होता, त्याचे पैसे ताईंनीच भरले होते. पायथ्याशी अडकवलेल्या पंपाचा दिवा बंद होता. भिंतीला एकच सॉकेट, त्यात टेबल फॅनची पिन. गादी हाताला चपटी लागली, खालची फळी जाणवत होती. उशाशी साइड चेंजचा तक्ता टांगलेला. दर दोन तासांनी डावी कूस, उताणे, उजवी कूस, सगळं एकाच पेनाने, एकाच हाताने लिहिलेलं. घड्याळात साडेचार वाजले होते आणि रात्री दहापर्यंतच्या चौकटी भरलेल्या होत्या.

मावशींच्या मदतीने बाबांना कुशीवर घेतलं. माकडहाडाच्या वर चार बोटं रुंद काळी खपली, कडेने पू. खपली निघेपर्यंत जखम किती खोल आहे तेही सांगता येत नाही. उजव्या टाचेवर जांभळा फोड. बाबा कण्हले, डाव्या हाताने खाटेची दांडी धरली आणि ताईंकडे न बघता भिंतीकडे बघत राहिले. ताईंच्या तोंडून शब्द फुटेना. त्यांनी फक्त बाबांच्या त्या मुठीवर आपला हात ठेवला.

बेडसोअर, म्हणजे अंथरुणात एकाच जागी पडून होणारी जखम, कसा होतो हे घरच्यांना कुणी समजावून सांगत नाही. हाड आणि गादी यांच्यामध्ये मांस दबतं, तिथला रक्तपुरवठा थांबतो. आतलं मांस आधी मरतं, कातडी बऱ्याचदा नंतर फाटते. हे काही तासांतही सुरू होऊ शकतं. पुस्तकात पहिली खूण लालसरपणा अशी दिलेली असते, पण आपल्या सावळ्या कातडीवर तो लाल दिसेलच असं नाही. जागा काळपट, जांभळट दिसते. शेजारच्या कातडीपेक्षा गरम किंवा टणक लागते. म्हणून डोळ्यांपेक्षा हातावर विश्वास ठेवावा. आणि अशा जागेवर चोळायचं नाही. मावशी रोज स्पिरिट आणि पावडर लावून तिथेच चोळत होत्या, कारण त्यांना तसंच शिकवलं होतं. दुखावलेलं मांस चोळण्याने आणखी दुखावतं. ओल्या डायपरने कातडी भिजून मऊ पडते ती वेगळीच.

मावशींना बाजूला घेऊन विचारलं. नांदेडकडच्या, बारा-बारा तासांची पाळी. म्हणाल्या, "सिस्टर, बाबा जड हायेत. एकटीनं वळवता येत न्हाईत. रात्री या मजल्यावर मी एकटीच आसते." मजल्यावर अंथरुणाला खिळलेले चौदा जण. एकाला नीट वळवायला, पुसून कोरडं करायला, डायपर बदलायला दोन माणसं आणि किमान पाच मिनिटं लागतात. चौदा पंचे सत्तर. म्हणजे दोन माणसांनी दर दोन तासांतली सत्तर मिनिटं फक्त हेच करायचं, पाणी पाजणं आणि हाका वेगळ्या. मावशी एकट्या होत्या. त्यांची माया कमी पडली असं मी कुणालाही म्हणू देणार नाही. तिथे दुसरं माणूस ठेवलेलं नव्हतं, आणि ते न ठेवण्याचा निर्णय मावशींचा नव्हता. माझा सगळा राग त्या निर्णयावर आहे.

संध्याकाळी बाबांना हॉस्पिटलमध्ये हलवलं. रात्री कॅनडाहून फोन आला. स्पीकरवर होता, म्हणून मलाही ऐकू आलं. "तू दर रविवारी जात होतीस ना? मग दिसलं कसं नाही?" ताई गप्प. मी फोन मागून घेतला आणि म्हटलं, "दादा, तुम्हाला कॉलवर जेवढं दाखवत होते तेवढंच ताईंना दाखवत होते." पलीकडून बराच वेळ काही आलं नाही. मग म्हणाले, "फोन ताईला द्या." दोघं रडले. त्यानंतर भावाने सुट्टी टाकली आणि ते आले. माझ्या मते हे फार मोठं झालं, कारण अशा जखमेपायी भावंडं कायमची तुटलेली मी पाहिली आहेत.

सर्जननी खपली काढली तेव्हा जखम हाडाच्या जवळ पोचलेली होती. घरी आल्यावर ड्रेसिंग माझ्याकडे. मदतीला दोन बायका आळीपाळीने, वळवण्यासाठी रात्रीचा गजर, उशी टाचांखाली न ठेवता पोटरीखाली, म्हणजे टाच अधांतरी राहते. अंडं, डाळ, दूध वाढवलं, कारण प्रथिनांशिवाय मांस भरत नाही. आता जखमेचा तळ गुलाबी आहे, कडा आत सरकताहेत. भरायला अजून महिने जातील.

ताई तिथेच थांबल्या नाहीत. आपल्याकडे १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा आहे. आजारी किंवा दुर्बल माणसांना ठेवून घेऊन उपचार आणि शुश्रूषा करणारी जागा त्याच्या व्याख्येत येते. हे सेंटर चाललं होतं वृद्धाश्रम म्हणून, आणि मजल्यावर नाकात नळी असलेले, लघवीची पिशवी लावलेले पेशंट होते. ताईंनी फोटो आणि त्या तक्त्याची प्रत जोडून आरोग्य विभागाकडे लेखी अर्ज दिला, १४५६७ या ज्येष्ठांच्या हेल्पलाइनलाही कळवलं.

आणि रविवारच्या हॉलमध्ये ज्यांच्याशी नुसती मान हलवण्यापुरती ओळख होती, त्या घरांना ताईंनी फोन केले. पुढच्या रविवारी चार कुटुंबं मिळून गेली. रात्री मजल्यावर किती जण असतात ते लिहून द्या आणि पाठ दाखवा, एवढ्या दोनच मागण्या. पाठी पाहायला मिळाल्या. एका आजींच्या कमरेशी काळपट, गरम जागा सापडली, कातडी अजून शाबूत होती. त्यांच्या सुनेने मला तिथूनच फोन लावला, आणि काय करायचं ते मी तिला फोनवरच सांगितलं.