लिनक्सवर मराठी ‘ल’ आणि ‘श’ मिळवताना : माझा अनुभव

घरात जुना डेस्कटॉप आहे, त्यावर लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टिम) टाकलंय आणि मराठी वाचताना डोळे शिणतात, अशा लोकांसाठी हे लिहितेय. मला पाहिजे होती ती माहिती तुकड्या-तुकड्यात मिळाली आणि बहुतेक सगळी इंग्रजी अक्षरांपुरती होती, देवनागरीचं दुखणं वेगळंच असतं.

आम्ही इंदूरला राजेंद्रनगरात राहतो. सासूबाई रिटायर्ड शिक्षिका, मराठी पेपर, दिवाळी अंक सगळं स्क्रीनवर वाचतात, मॉनिटर जुना 1366 बाय 768 वाला. लिनक्स आल्यावर त्यांच्या दोन तक्रारी. एक, अक्षरं पुसट दिसून राहिलीत. दुसरी, "हा ल आपला नाही गं, हिंदीतला आहे, आणि श पण." पहिली तक्रार कुणालाही कळते. दुसरी मी बाजारात एका कॉम्प्युटरवाल्याला सांगितली तर तो म्हणाला, "मैडम, देवनागरी तो देवनागरी है." तसं नाहीये ना पण. मराठीचा ल पाकळीयुक्त आणि श देठयुक्त, महाराष्ट्र सरकारने 2009 च्या जीआरमध्ये हीच रूपं प्रमाण धरलीत, आणि ज्या बाईने पस्तीस वर्षं मुलांना तो ल गिरवायला लावला तिला स्क्रीनवर दुसरा ल खुपणारच.

आधी पुसटपणा. देवनागरीत सगळा खेळ शिरोरेषेचा आहे. रेघ आडवी, ती बरोबर पिक्सेलच्या एका ओळीवर बसली तर काळी कुळकुळीत दिसते, आणि दोन ओळींच्या मध्ये पडली की दोन्ही ओळी करड्या होतात, मग अख्खं पान धुरकट. इंग्रजीत वर अशी सलग रेघ नसते त्यामुळे तिथे हे एवढं जाणवत नाही. रेघेला ओळीवर बसवायचं काम हिंटिंग करतं. मिंटच्या सिनॅमन डेस्कटॉपमध्ये सिस्टिम सेटिंग्जमधून फाँट सिलेक्शनमध्ये जा, तिथे हिंटिंगचे नन, स्लाइट, मीडियम, फुल असे पर्याय आहेत. स्लाइट ठेवा. ते अक्षराला फक्त उभ्या दिशेने सरकवतं, म्हणून शिरोरेषा जागेवर बसते आणि अक्षराची रुंदी बिघडत नाही. आमच्याकडे फुल करून पाहिलं तर वेलांट्या आणि रफार अंगावर आल्यासारखे दिसायला लागले.

त्याच्या खाली अँटिअलायझिंग, म्हणजे अक्षरांच्या कडा गुळगुळीत करायची सेटिंग आहे, ती आरजीबीए केली. एलसीडीच्या प्रत्येक पिक्सेलमध्ये लाल, हिरवा, निळा असे तीन उभे पट्टे असतात, ते वेगवेगळे वापरले की आडव्या दिशेने बारकावा वाढतो, आणि या कमी रेझोल्यूशनच्या मॉनिटरवर क्ष, ज्ञ, द्ध्य असली गच्च जोडाक्षरं त्यानेच सुटी झाली. पट्ट्यांचा क्रम बरोबर निवडायचा, चुकला तर अक्षरांच्या कडेला रंग दिसतात. बहुतेक मॉनिटर आरजीबीच असतात.

इथपर्यंत सोपं आहे. खरी मेहनत ल आणि श ची.

यात समजायला वेळ लागला ती गोष्ट अशी की फाँट बदलायची गरजच नव्हती. लोहित देवनागरीसारख्या फाँटमध्ये दोन्ही रूपं आत असतात, हिंदीचा ल पण आणि मराठीचा पण. ओपनटाइप या फाँटच्या प्रकारात लोकल नावाची एक सोय आहे, मजकूर मराठी आहे असं कळलं की अक्षरं बसवणारं हार्फबझ आपोआप मराठी रूप काढून देतं. पण त्याला सांगणार कोण? सिनॅमनच्या खिडक्यांमधला मजकूर पँगो नावाची लायब्ररी मांडते. तुमची सिस्टिम इंग्रजीत असली (आमची आहे, घरात सगळ्यांना मेनू इंग्रजीतच सवयीचे) आणि पँगोला देवनागरी दिसली की ते तिला हिंदी समजून चालतं. म्हणजे कॉम्प्युटरवाला म्हणाला तेच हेही म्हणतंय, फरक एवढाच की याला समजावता येतं.

होम फोल्डरमध्ये डॉट-प्रोफाइल फाइल असते, तिच्यात पँगो लँग्वेज नावाचा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (सगळ्या प्रोग्रामना वाचता येणारी सेटिंग) एक्सपोर्ट करायचा, नाव पूर्ण कॅपिटलमध्ये, मध्ये अंडरस्कोर, आणि किंमत ईएन, कोलन, एमआर. अर्थ एवढाच की लॅटिन दिसलं तर इंग्रजी धर आणि देवनागरी दिसली तर मराठी धर. लॉगआउट करून परत लॉगिन केलं, टेक्स्ट एडिटर उघडला, ‘लाल शाल’ टाइप केलं आणि सासूबाईंना हाक मारली. त्यांनी चष्मा वर करून बघितलं, म्हणाल्या, "हां, आता झालं."

लिब्रेऑफिस मात्र स्वतःचं चालवतं. तिथे ऑप्शन्समध्ये लँग्वेजेसमध्ये कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट सुरू करून भाषा मराठी करायची, आणि जुन्या फाइल्समध्ये मजकूर हिंदी म्हणून नोंदलेला असतो तर सगळा सिलेक्ट करून भाषा बदलायची, तेवढ्याने ल बदलतो. ब्राउझरमध्ये पान बनवणाऱ्याने पानाची भाषा मराठी लिहिली असेल तर ठीक, नाहीतर हिंदी रूप. मराठी साइट चालवणाऱ्यांना माझी मनापासून विनंती आहे, तो लँग ॲट्रिब्यूट एमआर करा हो, एका शब्दाचं काम आहे.

ज्या साइट करत नाहीत त्यांच्यासाठी फायरफॉक्सच्या फाँट सेटिंगमध्ये देवनागरी निवडून लोहित मराठी लावला, त्यात मूळ रूपंच मराठी आहेत. पण त्याने हिंदी पानांवरही मराठी ल यायला लागला आणि आमच्या मुलीचा हिंदीचा अभ्यास याच मशीनवर असतो, तिला शाळेत हिंदीचा ल शिकवतात, तोही तिला नीट दिसायला हवा. म्हणून सासूबाईंचं वेगळं युजर अकाउंट केलं. डॉट-प्रोफाइल, फायरफॉक्सचं प्रोफाइल, फाँटकॉन्फिगची (कुठल्या मजकुराला कुठला फाँट द्यायचा ते ठरवणाऱ्या लायब्ररीची) फाइल, हे सगळं ज्याच्या-त्याच्या होम फोल्डरमध्ये राहतं, त्यामुळे दोघींचं भांडण नाही. इंदूरसारख्या गावात घरोघरी दोन्ही भाषा आहेत, मला तरी हाच मार्ग पटला.

फाँट निवडताना एक ओळ टाइप करून बघत जा: ‘दुसऱ्या ॲपमध्ये वाऱ्याचं बाळ, ऑफिस, कुऱ्हाड’. ॲ हे अक्षर युनिकोडमध्ये 2008 साली, 5.1 आवृत्तीत आलं, त्याआधीच्या फाँटमध्ये ते नसतंच, मग फाँटकॉन्फिग ते एक अक्षर दुसऱ्या फाँटमधून आणतं आणि शब्दात ठिगळ दिसतं. ऱ्या चा अर्धा र पण कच्च्या फाँटमध्ये तुटतो. कुठला फाँट येतोय ते टर्मिनलमध्ये एफसी-मॅच कमांडला सॅन्स-सेरिफ, कोलन, लँग बरोबर एमआर असं दिलं की कळतं.

एक गोष्ट सुटली नाहीये. जीटीके 4 (ॲपच्या खिडक्या-बटणं बनवायची लायब्ररी) वर बनलेल्या नव्या ॲपमध्ये रंगीत सबपिक्सेलची सोयच काढून टाकलीय, तिथे करडं स्मूदिंगच मिळतं. जुन्या मॉनिटरवर ती ॲप्स थोडी फिकी दिसतात, म्हणून सासूबाईंच्या अकाउंटमध्ये टेक्स्ट स्केलिंग 1.2 करून दिलंय.