तुम्ही विचारलंत म्हणून: साडेतीन हजारांचं पुस्तक आणि शेंगदाणे

ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या घरी एक शनिवार सोडून दुसऱ्या शनिवारी चार जण फासे टाकत गोष्ट रचायचा एक खेळ खेळायला येतात. जेवणाच्या टेबलावरचं मेणकापड गुंडाळलं जातं आणि पुढचे तीन तास आतून ‘मी दार लाथेने उघडतो’, ‘मी त्या म्हाताऱ्याशी गोड बोलून बघते’ असले आवाज येत राहतात. त्यामुळे प्रश्न मला जिन्यातच गाठतो. वरच्या मजल्यावरचे काका विचारतात, ऑफिसात विचारतात, एकदा तर कुरिअरवाल्यानेही खोकं हातात तोलून विचारलं. या खेळाची पुस्तकं इतकी महाग, पैसे वसूल होतात का?

ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्यातली पात्रं होतात आणि बेत जमला की फसला हे फासे ठरवतात. गोष्ट सांगणारा तो डीएम. आपल्याकडचा सूत्रधार म्हणा. आमच्यात ते काम माझ्याकडे. या प्रकारातला छापून विकला गेलेला पहिला खेळ ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली अमेरिकेत काढलेला. त्याची मुख्य पुस्तकं तीन: एक खेळाडूंचं, एक डीएमचं, एक राक्षसांचं. खेळाडूंच्या पुस्तकाची २०२४ ची आवृत्ती ३८४ पानांची आहे आणि तिची अमेरिकेतली किंमत ४९.९९ डॉलर. माझ्याकडे आधीची आहे. तिला मी साडेतीन हजार मोजले होते.

काकांना मी वहीच दाखवली. (मी अकाउंट्समध्ये आहे, वही असतेच.) त्या पुस्तकावर आम्ही ३८ वेळा खेळलो. दर वेळी तीन तास, टेबलाभोवती पाच माणसं. म्हणजे ५७० तास. माणशी तासाला सहा रुपये आणि काही पैसे. तलावपाळीवर एवढ्यात काय येतं सांगा. काका गप्प झाले.

पण त्यांना मी अर्धीच वही दाखवली होती. कपाटात अशी अकरा पुस्तकं आहेत आणि त्यातली टेबलावर आली ती तीनच. बाकीची आठ मी रात्री झोपताना चाळली, चित्रं बघितली, परत ठेवली. ही आठ कधी घेतली ते एकदा पावत्या काढून पाहिलं. जवळजवळ सगळी खेळ बंद असलेल्या महिन्यांतली निघाली. कुणाची परीक्षा, कुणाचं लग्न, कुणी पुण्याला गेलेलं. खेळता येत नव्हतं म्हणून मी खेळ विकत घेत होते. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण हौस भागली नाही तर तिचं बिल येतं, हे मला त्या दिवशी कळलं.

आता जे वसूल झालं त्याबद्दल. माझ्या लेखी एकच परीक्षा आहे: या पुस्तकाने माझी संध्याकाळ वाचवली की खाल्ली? तयार साहसकथा विकत मिळतात, त्या घ्यायच्याच मुळी डीएमला तयारी कमी करावी लागावी म्हणून. माझ्याकडची एक अडीचशे पानांची आहे, जाड पुठ्ठा, देखणी छपाई. तिच्यात धर्मशाळेच्या मालकाचं नाव सुरुवातीला येतं आणि त्याचं गुपित शंभर पानांनंतर. टेबलावर चार जण माझ्याकडे बघत असताना मी पानं उलटत बसणार? शेवटी दोन संध्याकाळी घालवून मीच तिची टिपणं काढली, म्हणजे पैसे देऊन वर गृहपाठ घेतला. याउलट एक तीसेक पानांची साधी पुस्तिका आहे. एका बाजूला नकाशा आणि समोरच त्या खोलीत कोण आहे, काय लपलंय, कुणाला काय हवंय. ऑफिसला जाताना गाडीत वाचली आणि त्याच शनिवारी खेळलो. पाचशे रुपयांत चार शनिवार निघाले. त्या पुस्तिकेच्या लेखकाने नक्की कुठेतरी टेबलावर बसून ती खेळलेली असणार. जाडजूड पुस्तकाच्या बाबतीत मला ती खात्री वाटत नाही.

फाशांचं लवकर आवरते. चार बाजूंपासून वीस बाजूंपर्यंतचा सात फाशांचा प्लास्टिकचा संच पुरतो. धातूचे सुंदर दिसतात, हातात वजनदार लागतात आणि सागवानी टेबलाला खड्डे पाडतात. सासूबाई ते खड्डे अजून मोजतात. वीस पडण्याची शक्यता धातूच्या फाशातही विसात एकच. चार बाजूंचा फासा मात्र जमिनीवर सोडू नका, अनवाणी पायाला सराटाच.

मिनिएचर, म्हणजे राक्षसांच्या छोट्या मूर्ती, मी एकदा परदेशातून आगाऊ पैसे भरून मागवल्या. वर्षभर उशिरा आल्या, शिवाय जकात आणि पोस्टेज वेगळं. तोवर आम्हाला शेंगदाण्यांची सवय लागली होती. आलेखाच्या कागदावर खारे शेंगदाणे मांडायचे, ते गॉब्लिन, म्हणजे छोटे राक्षस. मारला की ज्याने मारला त्याने खायचा. मूर्ती आल्यावर एक खेळ त्यांच्यावर झाला आणि पुढच्या वेळी सगळ्यांनी शेंगदाणेच मागितले.

नवीन कुणी विचारलं तर मी सांगते, आधी काहीच घेऊ नका. २०२३ च्या जानेवारीत या खेळाचे नियम इतरांनाही वापरू देणाऱ्या परवान्याच्या अटी बदलायच्या बेतावरून खेळाडूंनी इतका गदारोळ केला की कंपनीला माघार घ्यावी लागली आणि मूळ नियमांचा मोठा भाग क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्याखाली सगळ्यांना मोकळा करून द्यावा लागला. तो कायदेशीर आहे, फुकट आहे आणि चारशेच्या आसपास पानांचा आहे. तेवढ्यावर वर्ष सहज निघतं. सहाव्या खेळालाही तीच माणसं येत असतील तर मग खेळाडूंचं एक पुस्तक वर्गणी काढून घ्या. चोरून उतरवलेल्या पीडीएफबद्दल मला विचारू नका, मी ती कुणाला पाठवत नाही.

सध्या आमचा खेळ तीन आठवडे बंद आहे. ऐरोलीहून येणाऱ्या मैत्रिणीची शिफ्ट बदलली आणि तिच्या पात्राला सोडून गुहेत शिरायला कुणी तयार नाही. काल रात्री मी नवीन आवृत्तीचं पुस्तक दोनदा कार्टमध्ये टाकलं. दोनदा काढलं. आज तिला मेसेज केलाय, रविवारी सकाळी जमेल का म्हणून.